नसीम, केबल की ड्रायव्हर

नसीम, टॉर्च मारला. दिसलं.

तुझा शेवटचा मेसेज तोच होता. ‘आधी मोबाइलचा टॉर्च मार स्क्रीनवर, तिरका. काही दिसलं तर सांग.’ मधल्या सुट्टीनंतर आला. मी तेव्हा आठवीच्या वर्गात समास शिकवत होते. तू डोकं दुखतंय म्हणून लवकर कळंबातल्या तुझ्या खोलीवर गेली होतीस आणि मी, माझा लॅपटॉप पुन्हा काळा पडला म्हणून तुला दोन ओळी खरडल्या होत्या. टॉर्च मारायची ही काय तऱ्हा, म्हणून मी ते उद्यावर टाकलं. संध्याकाळी कळलं की तुला बार्शीला नेलंय, मेंदूत रक्तस्राव झालाय. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

टॉर्च मारला तो तुझी माती झाल्यानंतर. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत, भर दुपारी, खिडक्या लावून. काळ्याभोर स्क्रीनवर उजेड तिरका धरला आणि आत सगळं दिसलं. पासवर्ड मागणारी चौकट, कोपऱ्यातलं घड्याळ, तू लावलेलं नळदुर्गच्या किल्ल्याचं चित्र. पुसट, पण सगळं जागच्या जागी. म्हणजे लॅपटॉप चालू होता. चित्रही येत होतं. फक्त स्क्रीनच्या मागचा दिवा लागत नव्हता.

मी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि ‘दिसलं’ असं टाइप केलं. मग भानावर आले. इतका राग आला मला तुझा! अशी कशी गेलीस? अर्धं वाक्य सांगून कुणी जातं का? दिसलं तर सांग. सांगितलं. आता पुढं?

तुझ्याबद्दल शोकसभेत सगळे चांगलं बोलले. मनमिळाऊ, शांत, विद्यार्थिप्रिय. मी मागं बसून ऐकत होते. शांत म्हणे. स्टाफरूममध्ये तुझा आवाज पार सायकल स्टँडपर्यंत जायचा. पुण्यातल्या कुठल्याशा कचेरीनं आपले जुने लॅपटॉप शाळेला दिले, तेव्हा ते सुरू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचे की तोवर तास संपायचा. तू विज्ञानाची. तू म्हणालीस, मी यांच्यात विंडोज काढून लिनक्स टाकते. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, ते काय असतं? तू म्हणालीस, सर, फुकट असतं. त्या एका शब्दावर मंजुरी मिळाली.

आणि ते धावायला लागले, हे मला मान्यच करावं लागेल. मुली रांग लावून बसायला लागल्या. मग तू माझ्या मागं लागलीस. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरही तेच टाकलंस. म्हणालीस, “सुरेखा, तुला चालवता आलं तर कळंबात कुणालाबी येईल.” हा अपमान मी कौतुक समजून घेतला. प्रश्नपत्रिका टाइप करताना जोडाक्षरं तुटायची, प्रिंटर रुसायचा, आणि मी दर तासाला तुझ्या दाराशी. पासवर्डसुद्धा रोज विचारायला यायची म्हणून वैतागून तू मला शाळेतल्या सगळ्या लॅपटॉपचा पासवर्ड सांगून टाकलास.

मग माझी स्क्रीन काळी पडायला लागली. कधी झोपेतून उठवल्यावर, कधी टाइप करता करता. झाकण जरा मागंपुढं केलं की परत यायची. मी म्हटलं, आतली केबल गेलीय. आमच्या घरी टेपरेकॉर्डरचं असंच व्हायचं, वायर वाकडी धरली की गाणं सुरू.

“केबल न्हाय गं. ड्रायव्हर हाय,” तू म्हणालीस. ड्रायव्हर म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, हे मला तूच शिकवलेलं.

“झाकण हलवलं की येते. ड्रायव्हरला काय कळतं झाकण हलवलेलं?”

“झाकण हलवलं की लॅपटॉपला खबर जाते. मग तो दिवा परत लावतो. सॉफ्टवेअरच ते. तू आपली कवितेत अर्थ शोध.”

“मी कवितेतपण केबलच शोधते,” मी म्हणाले, आणि तू डबा बाजूला ठेवून हसलीस. डब्यात खिमा होता, मला आठवतंय, कारण तू माझ्या वाटणीचा बटाट्याचा रस्सा वेगळ्या डब्यातून आणला होतास आणि वर ऐकवलं होतंस, “भांडायला ताकद पायजे, खा.”

किती महिने चाललं हे! शनिवारी माझा लॅपटॉप पिशवीत घालून तुझ्या अम्मींकडं परंड्याला घेऊन जायचीस, सोमवारी आणून द्यायचीस. “बघितलं. ड्रायव्हरच.” दोन-तीन दिवस बरं चालायचं. मग पुन्हा काळं. मी म्हणायची, केबल. तू म्हणायचीस, नवीन कर्नल येऊ दे, सगळं ठीक होईल. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पण मला तो शब्द ऐकला की मिशीवाला फौजी दिसायचा. ते तुला सांगितल्यावर तू मुद्दामच स्टाफरूममध्ये सलाम ठोकून म्हणायचीस, “कर्नल साहेब आले गं!”

आले. ज्या सकाळी तुझं डोकं दुखत होतं त्याच सकाळी आले. परिपाठाच्या आधी तू शाळेतल्या सगळ्या लॅपटॉपना आणि माझ्याही लॅपटॉपला अपडेट लावून ठेवलंस. काम झालं, तू बंद केलेस, खोलीवर गेलीस. दुपारी माझा सुरू केला तर काळा. दुसऱ्या दिवशी शाळेला तुझ्यासाठी सुट्टी. त्यानंतर मुलींचा तास होता, त्यांनी एकेक लॅपटॉप सुरू केला. सगळे काळे. एकही उजेडात येईना. मुली माझ्याकडं बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, “मॅडम, नसीम मॅडम गेल्या म्हणून का?” मी तिला ओरडले. मग बाहेर जाऊन उभी राहिले.

ह्याचाच सगळ्यात जास्त राग आहे मला. तू निस्तरायला असतीस तर काही म्हणणं नव्हतं. पण आपण सगळा पसारा उघडून ठेवायचा आणि निघून जायचं, ही कुठली रीत?

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. वाईट माणूस नाही तो, तुलाही माहीत आहे. म्हणाले, “मॅडम होत्या तोवर ठीक होतं. आता हे कोण बघणार? दुकानातला माणूस बोलावतो. तो सगळं पुसून दुसरं काहीतरी टाकील.”

“दुसरं त्यांच्यावर चालत नाही, सर. म्हणून तर हे टाकलं.”

“मग राहिलं. खोली मोकळी करू. परीक्षेचे बाक ठेवायला जागा नाहीये.”

मला त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, “परीक्षेपर्यंत थांबा. मी बघते.”

सर म्हणाले, “तुम्ही? तुम्ही तर मराठीच्या.”

जसं काही तूही माझ्या शेजारी उभी राहून हेच म्हणत होतीस. दोघांना एकदम उत्तर द्यावं असं वाटलं, पण तू नव्हतीस म्हणून फक्त सरांना दिलं. “स्क्रीन काळी पडलीय, सर. ती मराठीत पण काळीच आहे.”

बाणेदारपणा तेवढाच. पुढं माझे हाल झाले ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर समजत नाही.

दुकानवाला आला. त्यानं एक लॅपटॉप उघडला, मिटला. म्हणाला, “स्क्रीनचा पॅनल गेलाय.” दुसरा उघडला. “ह्याचापण पॅनल गेलाय.” तिसऱ्याला हातही लावला नाही.

मी म्हटलं, “दादा, सगळ्यांचे पॅनल एकाच दिवशी कसे जातील?”

“होतं मॅडम कधी कधी. व्होल्टेज.”

“मग टॉर्च मारल्यावर आत दिसतंय ते काय?”

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “ते लिनक्स आहे का? ते आम्ही नाही बघत.” आणि गेला.

मग मी इंटरनेटवर शोधायला लागले, घरी, मोबाइलवर, एका बोटानं. नसीम, तू ह्या लोकांत कशी राहायचीस? सगळं इंग्रजीत, आणि प्रत्येकाचं वेगळं. एकानं सांगायचं अमुक ओळ घाला. त्याच्या खाली दुसरा, असं चुकूनही करू नका, माझा लॅपटॉप बंद पडला. तिसरा विचारतो, तुमचं आधी कुठलं व्हर्जन होतं? मला काय माहीत, मी काय त्याची कुंडली ठेवलीय? आणि एक महाभाग, अगदी आपलाच लॅपटॉप, आपलाच आजार, मी जीव मुठीत धरून खाली वाचत गेले, तर शेवटी त्यानं लिहिलंय, ‘झालं ठीक, धन्यवाद.’ काय केलं ते लिहिलंच नाही! मी मोबाइल गादीवर आपटला. तोही माणूस तुझ्यासारखाच.

पहिली वाट मला प्रोजेक्टरनं दाखवली. सभागृहातला प्रोजेक्टर शिपाईमामांकडून त्या खोलीत आणून घेतला आणि एका लॅपटॉपला जोडला. भिंतीवर सगळं लख्ख आलं, नळदुर्गच्या किल्ल्यासकट. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मात्र काळीच. म्हणजे तू म्हणायचीस तसं, यंत्र शाबूत आहे, फक्त मागच्या दिव्याला कुणी हुकूम देत नाहीये. उजेड वाढवायचं बटण दाबलं की भिंतीवर पट्टी पूर्ण भरलेली दिसायची. लॅपटॉपला वाटत होतं, दिवा पूर्ण लागलाय. आणि समोर अंधार.

मग भिंतीकडं बघत, मान मोडेपर्यंत, मी ती फाईल उघडली ज्यात लॅपटॉप सुरू होताना काय काय करायचं ते लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ वाढवायची होती, दिवा नेमका कोणत्या पद्धतीनं सांभाळायचा हे सांगणारी. इंटरनेटवर त्या ओळीचे तीन-चार प्रकार होते. पहिला घातला, बंद केला, सुरू केला. काळं. दुसरा घातला. काळं. तिसरा घालताना अवतरणचिन्ह एका बाजूचं राहिलं. मी, जी मुलांचे अवतरणचिन्हासाठी अर्धे गुण कापते! त्या चुकीनं नंतरची आज्ञाच चालेना. लाल अक्षरांत शिव्या दिल्यासारखं काहीतरी भिंतभर आलं.

मी खुर्चीवर बसले आणि मोठमोठ्यानं तुला बोलायला लागले. सगळं बोलले. की तू हट्टी होतीस. की डोकं दुखतंय तर डॉक्टरकडं जायचं सोडून मला टॉर्चचे मेसेज करत बसलीस. की ह्या शाळेत, ह्या गावात, एवढ्या माणसांत मला भांडायला एकच बाई मिळाली होती. शिपाईमामा चहा घेऊन दारात उभे होते ते मला कळलंच नाही.

“कुणाशी बोलताय मॅडम?”

“नसीम मॅडमशी.”

त्यांनी चहा टेबलावर ठेवला. “बोला,” म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

अवतरणचिन्ह पूर्ण केलं. आज्ञा चालली. लॅपटॉप बंद केला, प्रोजेक्टरची वायर काढली, सुरू केला. आधी कंपनीचं नाव, मग अंधार, आणि मग दिवा लागला. किल्ला समोर. स्वच्छ. खंदकातलं पाणीसुद्धा दिसत होतं.

आनंद झाला असेल असं वाटतं ना तुला? नाही झाला. पहिलं मनात आलं ते हे, की बाई बरोबर होती. ड्रायव्हर. ड्रायव्हरच होता. तू असतीस तर टेबलावर हात आपटून, अख्ख्या स्टाफरूमला बोलावून मला कान धरायला लावलं असतंस, आणि मी ‘हो गं बाई, हो’ म्हणाले असते. मी ते म्हणाले, नसीम. रिकाम्या खोलीत म्हणाले. काही मजा नाही आली.

एकेक करत सगळे दुरुस्त केले. मुली आल्या, बसल्या, काही झालंच नाही अशा थाटात टाइप करायला लागल्या. सर येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात कॉम्प्युटरच्या तासापुढं तुझ्या नावाच्या जागी माझं नाव. मला विचारलंही नाही. मी नाही म्हणायला गेले, आणि तो कागद हातात धरून तुझं खोडलेलं नाव बघून परत आले.

माझा लॅपटॉप तेवढा राहिला. त्यालाही तीच ओळ घातली. लागला. चार दिवस गेले, आणि प्रश्नपत्रिका टाइप करताना काळा. झाकण हलवलं, आला. पुन्हा काळा. बाकी सगळे ठणठणीत, आणि माझाच असा. मी तो त्याच दुकानवाल्याकडं नेला. म्हटलं, पॅनल म्हणू नका, लिनक्स म्हणू नका, फक्त बिजागरीपाशी उघडून दाखवा. त्यानं उघडलं. बिजागरीत अडकून अडकून केबलचं वरचं आवरण घासलं होतं, आतली तार उघडी पडली होती. त्यानंच दाखवली, बोटानं.

केबल, नसीम! केबल! म्हणजे शाळेचे बंद पडले ते तुझ्या ड्रायव्हरनं, आणि माझा इतके महिने छळत होता तो माझ्या केबलनं. दोघी बरोबर होतो. मी त्या दुकानात उभी राहून हसले की काय मला आठवत नाही. बाहेर कळंबचा बाजार भरलेला, पोती उतरवणारे हमाल, हॉर्न, धूळ. मला वाटलं आत्ता कुणाला तरी धरावं आणि सांगावं, की मी बरोबर होते. कुणाला सांगू? घरी सांगितलं तर म्हणाले, मग झालं ना नीट? आता जेवायला वाढ.

हे असं होतं बघ. भांडण जिंकायला समोरचा माणूस लागतो.

तू गेल्याला चाळीस दिवस झाले तेव्हा, तुझ्या चाळिसाव्याला, मी परंड्याला गेले. बार्शीवरून गाडी बदलून, उभं राहून. तुझं तिथलं घर मी पहिल्यांदाच बघितलं, हेही किती विचित्र. इतकी वर्षं तू शनिवारी त्या गावाला जायचीस आणि मी एकदाही आले नाही. तूही कधी बोलावलं नाहीस. का नाही बोलावलंस हे विचारायचं राहून गेलं. कदाचित तुला वाटलं असेल, ही येईल आणि नाक मुरडील. कदाचित तुला काहीच वाटलं नसेल, रविवार म्हणजे झोपायचा वार.

तुझ्यासाठीचा फातिहा पढून झाला होता. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. तुझ्या अम्मींनी मला ओळखलं कसं कोण जाणे. “सुरेखा न्हवं? ये बेटी, हितं बस माझ्यापाशी.” ताट वाढायला लावलं. माझ्यासाठी बटाट्याचा रस्सा वेगळा ठेवला होता. मी घास घेतला आणि पाण्याचा ग्लास ओढला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “बेटी, माझी नसीम त्या डब्यात एवढं काय बघायची गं? रविवारी जरा माझ्यापाशी बसंल म्हणावं, तर ते उघडून बसायची.”

मी म्हटलं, “शाळेचं काम, अम्मी. मुलींसाठी.”

“शाळंचं न्हाय. मी इचारलं व्हतं. म्हणाली, सुरेखाचं हाय.”

“माझा बिघडायचा सारखा.”

“व्हय, व्हय. एकदा तर खालनं समदं खोललं. बारीक बारीक खिळे माझ्या सुपात ठिवले, मी म्हटलं, सूप वाया घालवलं पोरीनं. अन् मग एकलीच हसाय लागली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणती, अम्मी, ती बाई बराबर हाय. तार घासलीया.”

मी हातातला घास ताटात ठेवला.

“मी म्हटलं, मग सांग तिला. तर म्हणती, न्हाय. वरीसभर डोक्यावर बसंल माझ्या. नवी मागवते, गुपचूप घालते, अन् म्हणते ड्रायव्हर बदलला. ती तार काय अजून आली न्हाय.” अम्मी माझ्याकडं वळल्या. “बेटी, तू तर मास्तरीण. तुझ्याकडं ड्रायव्हर कशाला?”

नसीम, मला आवरलंच नाही. तुझ्या चाळिसाव्याला, तुझ्या घरात, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या इतक्या बायकांत मला हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला, मान खाली घातली, खांदे थांबेनात. तुला माहीत होतं! माहीत असून तू सोमवारी लॅपटॉप माझ्या हातात ठेवून, डोळ्यांत डोळे घालून म्हणालीस, “ड्रायव्हरच.”

अम्मींना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं त्यांना वाटत होतं तेच खरं झालं.